मधल्या सुट्टीतली पाच मिनिटं

तुमचं वय अकरा वर्षं. मे महिन्यात कैऱ्या काढायला झाडावर चढला होतात, फांदी कडकन मोडली आणि तुम्ही पाठीवर आपटलात. छातीच्या चौथ्या मणक्याजवळ मज्जारज्जूला इजा झाली. हात शाबूत आहेत, डोकं तल्लख आहे, अक्षर सुरेख आहे. छातीच्या मध्यापासून खाली मात्र काहीच कळत नाही. पाय हलत नाहीत, चटका बसला तरी समजत नाही आणि मूत्राशय भरलं तरी त्याची वर्दी मेंदूपर्यंत पोचत नाही.

या प्रवासात हे शरीर सतत तुमच्यासोबत राहणार आहे. मणका तोच, इजा तीच, शिकायची हौसही तीच. बदलणार ते फक्त साल आणि गाव. कुठेही पोचलात की एकच गोष्ट बघा. तुमचं मूत्राशय दर चार तासांनी रिकामं करावं लागतं. शाळेच्या वेळात ते काम कोणाचं? या प्रश्नाचं जे उत्तर मिळेल, त्यावर तुमचं शिक्षण ठरणार आहे.

इजिप्त, इ.स.पूर्व १६०० च्या सुमारास

वैद्य तुमच्यावर वाकलाय. पायाला चिमटा काढतो, तुमच्या चेहऱ्याकडे बघतो, मग अंथरूण ओलं झालंय का ते हाताने चाचपतो. त्याच्या शास्त्राची एक पपायरसची गुंडाळी पुढे एडविन स्मिथ या माणसाच्या हाती लागणार आहे आणि त्याच्याच नावाने ओळखली जाणार आहे. तिच्यात ४८ रुग्णांची वर्णनं आहेत. एकतिसाव्या रुग्णाच्या मानेचा मणका निखळलाय. त्याला हातपाय कळत नाहीत, लघवी नकळत ठिबकते. निरीक्षण इतकं अचूक की आजच्या डॉक्टरलाही त्यात फारसं बदलावं लागणार नाही. आणि त्याखाली निकाल लिहिलाय की या दुखण्यावर उपचार करायचे नाहीत.

लेखनिकांच्या शाळेत मुलं खापराच्या तुकड्यांवर अक्षरं गिरवत असतात. तुम्हाला तिथे पाठवायचा विचार कोणाच्याही मनात येत नाही, कारण तुम्ही जगाल अशीच कोणाला आशा नाही.

हा निकाल तीन हजारांहून अधिक वर्षं जवळजवळ तसाच टिकला. पहिल्या महायुद्धातही कण्याला गोळी लागलेले बहुतेक सैनिक काही आठवड्यांत, फार तर काही वर्षांत गेले. त्यांचा जीव जखमेने गेला नाही. पडून पडून झालेल्या जखमा, म्हणजे बेडसोर, चिघळल्या, लघवीचा संसर्ग मूत्रपिंडांपर्यंत चढला आणि त्याने त्यांना नेलं.

स्टोक मँडेव्हिल, इंग्लंड, २९ जुलै १९४८

रात्रभर तुमची झोप मोडली आहे. दर दोन तासांनी कोणीतरी येऊन तुम्हाला कुशीवर वळवत होतं. हा डॉक्टर लुडविग गुटमन यांचा नियम. नाझी राजवटीतून जीव वाचवून १९३९ मध्ये ते इंग्लंडला आले आणि १ फेब्रुवारी १९४४ पासून हा विभाग चालवत आहेत. कूस बदलली की बेडसोर होत नाहीत, लघवीकडे नीट लक्ष दिलं की मूत्रपिंडं वाचतात. या दोन साध्या गोष्टी कोणीतरी रात्रंदिवस नेमाने केल्या आणि एकतिसाव्या रुग्णाचा निकाल फिरला.

सकाळी उठलात की आडवं पडून राहायला बंदी. कार्यशाळेत कोणी सुतारकाम शिकतंय, कोणी घड्याळं दुरुस्त करतंय. आज लंडनमध्ये ऑलिंपिकचं उद्घाटन आहे आणि इथल्या हिरवळीवर १६ जण चाकांच्या खुर्च्यांत बसून धनुर्विद्येची स्पर्धा खेळणार आहेत. पॅरालिंपिकचा उगम इथला. सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात कण्यात गोळी लागूनही १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहण्याचं सुवर्णपदक घेतील, त्याचीही वाट इथूनच जाते.

तुम्ही आता जगणार, हे नक्की झालं. पण जगायचं म्हणजे शाळेत जायचं, आणि शाळेच्या दारात या विभागाची परिचारिका तुमच्यासोबत नसेल.

ब्रुकलिन, न्यूयॉर्क, १९५३ च्या आसपास

शेजारच्या घरातली ज्युडिथ ह्यूमन पाच वर्षांची आहे. पोलिओमुळे ती व्हीलचेअर वापरते. आई तिला नवा फ्रॉक घालून शाळेत घेऊन गेली, तर मुख्याध्यापकांनी दारातूनच परत पाठवलं. आग लागली तर ही खुर्ची वाटेत अडथळा ठरेल, असं त्यांचं म्हणणं. तिचा कणा दुखावलेला नाही, तुमचा दुखावलेला आहे. दरवाजा दोघांनाही बंद.

मग शाळा घरी येते. एक शिक्षिका येतात, आठवड्याला मिळून अडीच तास शिकवतात. तेवढ्या वेळात गणित होतं, वाचन होतं. खोडी होत नाही, रुसवा होत नाही, डबा वाटून खाणं होत नाही, आणि आपल्यापेक्षा हुशार मुलाला गाठायची ईर्ष्याही होत नाही. खिडकीतून रोज सकाळी मुलांची रांग जाताना दिसते. ज्युडिथला नऊ वर्षांची होईपर्यंत थांबावं लागलं, आणि तेव्हाही अपंग मुलांचा वर्ग शाळेच्या तळघरात होता. पुढे १९७० मध्ये तिला शिक्षिकेचा परवाना नाकारला गेला, ती कोर्टात गेली आणि न्यूयॉर्कच्या शाळांमधली व्हीलचेअरवरची पहिली शिक्षिका झाली.

१९७५ मध्ये अमेरिकेने सर्व अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा केला, तेव्हा संसदेनेच नोंद केली की देशातली दहा लाख अपंग मुलं सरकारी शाळांच्या पूर्णपणे बाहेर आहेत. त्या दहा लाखांत आज तुमचीही भर पडली आहे.

अर्व्हिंग, टेक्सास, १९७९ ते १९८४

आता वर्गात आहात, आणि इथे जरा जास्त वेळ थांबा.

१९७२ मध्ये मिशिगनमधले मूत्ररोगतज्ज्ञ जॅक लॅपिडिस यांनी एक पद्धत मांडली. तोवर डॉक्टरांची समजूत होती की मूत्राशयात नळी घालायची तर शस्त्रक्रियागृहासारखी निर्जंतुक तयारी हवी. लॅपिडिस यांनी दाखवलं की संसर्गाचं मोठं कारण तुंबलेलं मूत्राशय हे आहे. ते ताणलं गेलं की त्याच्या भिंतीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि जंतूंचं फावतं. म्हणून वेळच्या वेळी रिकामं करा. हात साबणाने धुवा, नळी स्वच्छ असू द्या, तेवढं पुरे. नळी आत सरकवायची, लघवी बाहेर येऊ द्यायची, नळी काढायची, धुवायची. सगळं मिळून पाचेक मिनिटांचं काम. या शोधाने मूत्रपिंडं वाचवलीच, शिवाय शाळेची वाट मोकळी केली. मधल्या सुट्टीत उरकण्याजोगं काम झालं ना ते.

तुमच्या पुढे बसलेली चिमुरडी अँबर टॅट्रो. तिच्या कण्यात जन्मतःच दोष आहे, स्पायना बिफिडा. तिलाही दर तीन-चार तासांनी नळी लागते. शाळेने तिच्या शिक्षणाच्या आराखड्यात व्यायामोपचार घातले, पण नळीचं काम घालायला नकार दिला. हे वैद्यकीय काम आहे, आमचं नाही, असं शाळेचं म्हणणं. घरी मात्र आई-वडील ते करतात, सांभाळणारी बाई करते आणि किशोरवयातला भाऊसुद्धा करतो. शिकायला तासभरही लागत नाही.

हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत चढत गेला. तिथे पोचायला पाच वर्षं लागली. ५ जुलै १९८४ ला निकाल आला तेव्हा अँबर आठ वर्षांची होती. न्यायालयाने म्हटलं की या सेवेवाचून मुलगी दिवसभर शाळेत थांबूच शकत नसेल, तर ती सेवा तिच्या शिक्षणाचाच भाग आहे आणि ती शाळेनेच द्यायची.

एका मुलीला मधल्या सुट्टीतली पाच मिनिटं मिळावीत, यासाठी एवढा खटाटोप करावा लागला.

कोल्हापूर, तेच साल, १९८४

तुम्ही आता आपल्या मुलखात आहात. नसीमा हुरजूक या कोल्हापूरच्याच. सोळाव्या वर्षाच्या आसपास त्यांची कमरेखालची संवेदना गेली. पुढे त्यांना बाबूकाका दिवाण भेटले. त्यांच्याही कमरेखाली ताकद नव्हती, तरी ते उद्योग चालवत होते, स्वतःची मोटार स्वतः हाकत होते. नसीमादीदी शिकल्या, सरकारी नोकरीत लागल्या आणि १९८४ मध्ये सोबत्यांना घेऊन त्यांनी ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. ‘चाकाची खुर्ची’ या त्यांच्या आत्मकथनातून कितीतरी मराठी घरांना पहिल्यांदा कळलं की बेडसोर म्हणजे काय, आणि लघवीच्या भीतीने माणूस किती कोंडून राहतो.

पुढची काही वर्षं ओलांडून उचगावच्या ‘घरौंदा’ वसतिगृहात या. इथली व्यवस्था खुर्चीवर बसलेल्या माणसाने मांडली आहे, आणि ते हाताला जाणवतं. उंबरा आडवा येत नाही. तुमच्यासारखी दहा मुलं आजूबाजूला असली की नळी, पिशवी, डायपर हे शब्द चारचौघांत उच्चारता येतात. मोठी मुलं लहानांना सांगतात, खुर्चीवर दोन्ही हात टेकून थोड्या थोड्या वेळाने अंग उचलायचं, म्हणजे बसल्या जागी जखम होत नाही. संस्थेच्या समर्थ विद्यामंदिरात अपंग आणि धडधाकट मुलं एकाच वर्गात शिकतात.

इथे रात्री तुमच्या लक्षात येतं की इथली बरीच मुलं घरापासून लांब आहेत, कारण गावातल्या शाळेत त्यांची सोय नव्हती. वसतिगृहाने त्यांना शिक्षण दिलं, मैत्र दिलं, हिंमत दिली. त्यासाठी आईपासून दूर राहावं लागलं, ते गावातल्या त्या बंद दारापायी.

स्टोनी ब्रूक, न्यूयॉर्क, सप्टेंबर १९९१

तुमच्या शेजारी ब्रूक एलिसन बसली आहे. मागच्या वर्षी, ४ सप्टेंबर १९९० ला, सातवीच्या पहिल्याच दिवशी शाळेतून घरी चालत येताना तिला मोटारीने उडवलं. ती तेव्हा तुमच्याच वयाची होती, अकरा वर्षांची. इजा मानेत झाली. हात हलत नाहीत, श्वासही यंत्राचा. व्हेंटिलेटर खुर्चीच्या मागे ठरावीक लयीत फुसफुसतो. पहिल्या दिवशी सगळा वर्ग त्या आवाजाकडे वळून बघतो. हळूहळू तो पंख्याच्या आवाजात मिसळून जातो.

तिच्या पलीकडे एक बाई बसल्या आहेत, जीन, ब्रूकची आई. अपघाताच्या दिवशी त्यांचाही विशेष शिक्षिका म्हणून नोकरीचा पहिला दिवस होता. ती नोकरी त्यांनी सोडली. आता त्या लेकीची पानं उलटतात, तिच्या वतीने हात वर करतात, श्वासनलिका साफ करतात. पुढे हार्वर्डमध्येही त्या तिच्या बाजूला बसतील. २००० साली ब्रूक तिथून पदवी घेऊन बाहेर पडेल, नंतर प्राध्यापिका होईल आणि २०२४ मध्ये वयाच्या ४५ व्या वर्षी जाईपर्यंत अपंगांच्या हक्कांबद्दल बोलत राहील.

ब्रूकची बुद्धी असामान्य होती आणि तिच्या आईची चिकाटीही. म्हणूनच इथे एक प्रश्न विचारायला हवा. जिची आई रोज शेतावर, कारखान्यात किंवा दुसऱ्यांच्या घरी कामाला जाते, त्या मुलीने काय करायचं?

वॉशिंग्टन, ३ मार्च १९९९

आयोवातल्या सिडर रॅपिड्सच्या गॅरेट एफ. या मुलाने हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर आणला. चौथ्या वर्षी मोटारसायकलच्या अपघातात त्याचा कणा तुटला. मानेखाली काही हलत नाही. एका नळीत फुंकर मारून आणि हवा ओढून तो खुर्ची चालवतो, डोक्याच्या हालचालीने संगणक वापरतो, नेहमीच्या वर्गात बसून चांगले गुण मिळवतो. बालवाडीत त्याची अठरा वर्षांची मावशी सोबत बसायची. पुढची चार वर्षं घरच्यांनी अपघाताच्या भरपाईचे आणि विम्याचे पैसे खर्चून परिचारिका ठेवली. १९९३ मध्ये आई म्हणाली, आता हे शाळेने करावं. शाळेने खर्चाकडे बोट दाखवलं.

निकाल सात विरुद्ध दोन असा गॅरेटच्या बाजूने लागला. डॉक्टरच लागतो असं काम शाळेवर टाकता येत नाही, पण परिचारिका किंवा शिकवलेला माणूस करू शकतो ते काम शाळेचं. खर्च जास्त आहे एवढ्या कारणाने मुलाला बाहेर ठेवता येणार नाही. आईच्या अंगावरचा भार कायद्याने उतरवून शाळेच्या अंगावर ठेवला, तो असा.

महाराष्ट्र, आजचा सोमवार

तुमची स्वतःची शाळा. दाराला तीन पायऱ्या, मिळून दीड फूट उंची. शेजारी रॅम्प आहे, पण जेमतेम सहा फुटांचा, घसरगुंडीइतका उभा. नियम एकास बाराचा. दीड फूट चढायला अठरा फुटांचा उतार हवा, तर तुम्ही आपल्या हातांनी चढाल. आता मात्र दोन मुलं मागून रेटतात आणि तिसरा खुर्चीचं पुढचं चाक धरतो.

खुर्ची दवाखान्यातली, मोठ्या माणसाच्या मापाची. तुम्ही तिच्यात एका बाजूला कलता. वाढत्या वयात कण्याला इजा झालेल्या मुलांची पाठ वाकडी होत जाते, आणि अशी ढगळ खुर्ची त्यात भर घालते. तुम्ही हात टेकून अंग उचललंत की बाई म्हणतात, “चुळबूळ करू नकोस, नीट बस.” त्या मायाळू आहेत. अंग उचललं नाही तर जखम होते, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नाही.

सकाळपासून तुम्ही पाण्याचा घोट घेतलेला नाही. दिव्यांगांचं स्वच्छतागृह आहे, त्यावर खुर्चीचं निळं चिन्हही रंगवलंय. आत मोडके बाक आणि खो-खोचे खांब ठेवलेत, आणि किल्ली शिपाईमामांकडे. मामा आज तालुक्याला गेलेत. पाणी कमी प्यायलं की लघवी घट्ट होते, संसर्ग होतो, खडे होतात. हे डॉक्टरांनी सांगितलंय, तरी तहान मारून बसण्यापलीकडे तुमच्या हातात काही उरत नाही.

दुपारी इतिहासाच्या तासाला डोकं ठणकायला लागतं. चेहरा लाल होतो, कपाळावर घाम डवरतो. खाली मूत्राशय तुंबलंय. मेंदूला ते कळत नाही, पण शरीर त्याची बोंब रक्तदाब वाढवून मारतं. छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर इजा असेल तर हे होऊ शकतं. ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात याला, आणि दुर्लक्ष झालं तर जिवावर बेततं. बाई घाबरून म्हणतात, “ऊन लागलं असेल, आडवं करा हिला.”

“नाही बाई, आडवं नाही करायचं!” तुमची मैत्रीण ताडकन उभी राहते. ती एकदा तुमच्यासोबत दवाखान्यात आली होती. “ताठ बसवायचं. बेल्ट सैल करायचा. आणि नळी घालायला न्यायचं, आत्ताच्या आत्ता. तरी नाही थांबलं तर दवाखाना.”

मामांची वाट न बघता कोणीतरी कुलूप तोडतं. बाक बाहेर ओढले जातात. मैत्रीण साबण आणि पाण्याची बादली आणते, दार लोटून बाहेर पहाऱ्याला उभी राहते. बाकीचं तुम्हाला स्वतःला येतं. तुम्ही हात धुता, आरसा मांडीशी टेकवता, नळी घालता. डोक्यातली ठणक ओसरू लागते. पाच मिनिटांनी तुम्ही वर्गात परत येता आणि अर्ध्यावर राहिलेली सनावळी वहीत पुरी करता.

या देशात कायदा नाही असं नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेची इमारत अडथळामुक्त असावी असं सांगितलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, त्यातला किमान भाग सक्तीचा करा, असं केंद्राला बजावलं. घरी येऊन शिकवण्याची सोयही आहे, आणि अंथरुणाला खिळलेल्या मुलासाठी ती गरजेची आहे. पण पायऱ्या चढता येत नाहीत म्हणून तुम्हाला घरी शिकवणं म्हणजे पुन्हा ब्रुकलिनच्या त्या खिडकीत बसवणं.

आता तुमचं खरं वय परत घ्या. तुम्ही पालक असाल, शिक्षक असाल, शाळा व्यवस्थापन समितीत किंवा ग्रामपंचायतीत असाल. येत्या जूनच्या आधी करण्यासारखं बरंच आहे आणि त्यातलं पुष्कळसं बिनखर्चाचं आहे. त्या मुलीचा वर्ग वरच्या मजल्यावर असेल तर वेळापत्रक बदलून तो खाली आणा. स्वच्छतागृह रिकामं करा, आतून कडी, पाणी, साबण आणि एक फळी असू द्या, आणि किल्लीची भानगड संपवा. रॅम्प नव्याने बांधाल तेव्हा आधी टेपने मोजा. आईला, डॉक्टरांना आणि वर्गशिक्षकांना शाळा सुरू होण्याआधी एकत्र बसवा आणि एका कागदावर लिहून घ्या. नळीची वेळ, अंग उचलायची वेळ, डोकं ठणकलं तर काय करायचं, उन्हात किती वेळ ठेवायचं, सहलीची बस कशी ठरवायची. तो कागद शिक्षकखोलीत लावा आणि एका माणसाला त्याची जबाबदारी द्या. मुलगा किंवा मुलगी लहान असेल, हात चालत नसतील, तर नळीचं काम शिकलेला माणूस शाळेने नेमावा, आईला नोकरी सोडायला लावू नये.

एकाच शरीराने तुम्ही इतकी गावं फिरलात. तुमचा कणा कुठेही बरा झाला नाही, तरी काही ठिकाणी तुम्ही शिकलात आणि काही ठिकाणी घरी बसलात. तो फरक मोठ्या माणसांनी पाडला. तो मिटवणंही त्यांच्याच हातात आहे, आणि आज ती मोठी माणसं आपण आहोत.